पिंजरा दुसऱ्याच्या हाती देताना





दीनचे काही शब्द आपल्या ओठांवर इतके रुळलेले असतात की, ते उच्चारताना त्यांचा अर्थ तपासून पाहावा असे मनातही येत नाही. ‘अमानत’ हा त्यांपैकीच एक शब्द. हा शब्द एकदा माझ्या तोंडून अस्थानी निघाला आणि त्याचा भोग एका मुक्या जिवाच्या वाट्याला आला. ही हकीकत सांगताना मला संकोच वाटतो. तरीही सांगतो, कारण लहान पक्षी, ससे, गिनीपिग आणि त्यांच्याच जोडीला मांजर असलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि मी केलेली चूक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये असे मनापासून वाटते.

परळच्या एका जुन्या चाळीत आमचे बिऱ्हाड आहे. ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची असते, हे मुंबईकर वाचकांना ठाऊकच आहे. आमची खोली त्याहून फारशी मोठी नाही. तीत आम्ही सहा माणसे राहतो, आणि गेली सात वर्षे एक राखाडी मांजरही. ती आम्ही कोठून आणलेली नाही. एका पावसाळ्यात ती जिन्याखाली भिजत बसली होती. माझ्या पत्नीने तिला मांदेलीची डोकी घातली आणि त्या दिवसापासून ती आमच्या घरची झाली.

दोन वर्षांपूर्वी रमजान ईदला माझ्या नातीने साठवलेल्या ईदीतून पक्षी घेण्याचा हट्ट धरला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी स्वतः तिला क्रॉफर्ड मार्केटात घेऊन गेलो. त्या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देऊन कैक वर्षे झाली, परंतु लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. तेथील पाळीव पशुपक्ष्यांच्या दुकानांतून आम्ही बजरीगर पक्ष्यांची एक जोडी आणली. मुंबईत यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. नर हिरवा होता, मादी निळी. घरात मांजर आहे हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच होते? पण पिंजरा छताच्या आकड्याला उंच टांगला की झाले, एवढाच विचार मी केला.

पहिले काही दिवस पक्ष्यांनी खोली किलबिलाटाने भरून टाकली. मग मांजरीने कपाटावरची जागा धरली. ती तेथे तासन्‌तास बसे, पिंजऱ्याकडे टक लावून. तिने काहीच केले नाही. ती नुसती बसली. हळूहळू पक्षी गप्प झाले. पिसे अंगाशी घट्ट आवळून ते दांडीच्या पार टोकाला चिकटून बसत. राळ्याची वाटी संध्याकाळी जवळजवळ तशीच भरलेली सापडे. रात्री अंधारात एकाएकी फडफडाट होई आणि सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी शेपटीची पिसे पडलेली दिसत. एके दिवशी माझी मुलगी म्हणाली, “अब्बा, आपण हे पक्षी एखाद्या चांगल्या घरी देऊन टाकू या. मला यांच्याकडे बघवत नाही.” ते ऐकून नात रडू लागली. मी तिला जवळ घेतले आणि मोठ्या अधिकाराने म्हणालो, “घरात आणलेला जीव ही अल्लाहची अमानत असते, बेटा. अमानत अशी कोणाला देऊन टाकायची नसते. आपण सांभाळू.”

नात शांत झाली. मलाही बरे वाटले. आपण दीनची गोष्ट सांगितली असे वाटले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका रात्री मांजरीने कपाटावरून पिंजऱ्यावर झेप घेतली. आकडा तुटला नाही, पिंजरा पडला नाही. पण तारांमधून तिचा पंजा आत गेला आणि निळ्या मादीच्या पंखाखाली एक ओरखडा उमटला. जखम इतकी लहान होती की, फजरच्या वेळी दिव्याखाली धरून पाहिल्यावर ती दिसली. सकाळ होताच आम्ही तिला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात नेले. जुने लोक त्याला अजूनही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकात हे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात सुरू झाले. तेथे डॉक्टरांनी समजावून सांगितले की, मांजरीच्या दातांत आणि नखांत असे जंतू असतात, जे एवढ्याशा पक्ष्याच्या रक्तात फार झपाट्याने पसरतात. आणि महिनोन्‌महिने भीतीत राहिलेल्या पक्ष्याच्या अंगात त्याला तोंड देण्याचे बळ उरत नाही. त्यांनी औषध दिले. मगरिबच्या सुमारास ती मादी गेली.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “नाना, ती अमानत होती ना?”

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर मी जे वाचले, जाणकारांना जे विचारले आणि स्वतःशी जो विचार केला, तो आपल्यापुढे ठेवतो.

अमानत म्हणजे काय?

दिव्य कुरआनात सूरह अन्‌-निसाच्या ५८व्या आयतीत अल्लाहने आज्ञा दिली आहे की, अमानती ज्यांच्या हक्काच्या आहेत त्यांच्याकडे पोहोचवा. या आज्ञेतील क्रिया पाहा. ती पोहोचवण्याची आहे, कवटाळून बसण्याची नाही. मी मात्र तो शब्द नेमका उलटा वापरला होता. ‘अमानत आहे, म्हणून देणार नाही’ असे मी म्हणालो, तेव्हा खरे पाहता मी म्हणत होतो की, ‘माझी आहे, म्हणून देणार नाही.’ मालकीच्या हट्टाला मी अमानतीचा पोशाख चढवला होता.

पशुपक्ष्यांवर माणसाची मालकी चालतच नाही, असे इस्लाम म्हणत नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये एका उंटाचा प्रसंग आहे. मदीनेतील एका अन्सारी तरुणाच्या बागेत प्रेषित मुहम्मद (स.) गेले, तेव्हा त्यांना पाहून एक उंट कण्हू लागला व त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याच्या कानामागून हात फिरवला, तेव्हा तो शांत झाला. मग त्यांनी मालकाला बोलावून विचारले की, ज्या जनावराचे मालक अल्लाहने तुला केले, त्याच्या बाबतीत तू अल्लाहचे भय बाळगत नाहीस का? तू त्याला उपाशी ठेवतोस आणि दमवून टाकतोस, अशी त्याची तक्रार आहे. येथे मालकी नाकारलेली नाही. ती अल्लाहने दिली आहे असे सांगून तिच्यासोबत जाबही मागितला आहे. बुखारी व मुस्लिम यांनी नोंदवलेल्या प्रसिद्ध हदीसनुसार आपल्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या राखणीविषयी विचारले जाणार आहे. मेंढी लांडग्याच्या गुहेसमोर बांधून ‘मी तिला कधी दुसऱ्याच्या कळपात जाऊ दिले नाही’ असे सांगणाऱ्या राखणदाराला कोण शाबासकी देईल?

या विषयावर फुकहांनी काय म्हटले आहे ते शोधताना मला इमाम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (रह.) यांचे विवेचन सापडले. हे शाफई मजहबचे थोर विद्वान. दमास्कस आणि काहिरा येथे त्यांनी आयुष्य वेचले व हिजरी ६६०, म्हणजे इसवी सन १२६२ साली ते वारले. त्यांना ‘सुलतानुल उलमा’ म्हणत. कोकणातून मुंबईत आलेली आपली कितीतरी घराणी शाफई आहेत. म्हणजे हे आपल्याच घरचे वडीलधारे. ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात त्यांनी माणसावर असलेले प्राण्यांचे हक्क एकामागून एक मोजले आहेत. प्राणी म्हातारा झाला, आजारी पडला, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा खर्च करावा. त्याच्यावर पेलवेल त्याहून जास्त ओझे लादू नये. त्याची बसण्याची व पाणी पिण्याची जागा चांगली ठेवावी. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पिल्लांना जबह करू नये. आणि याच यादीत असेही आहे की, जे त्याला इजा करील, मग ते त्याच्या जातीचे असो वा दुसऱ्या, ज्याच्याकडून त्याचे हाड मोडण्याची, शिंग लागण्याची वा जखम होण्याची भीती आहे, त्याच्यासोबत त्याला एकत्र ठेवू नये.

बंधू-भगिनींनो, हे वाचले तेव्हा मला आमची खोली आठवली, ते कपाट आणि तो आकडा आठवला. जे मी नऊ वर्षांच्या मुलीला दीन म्हणून सांगितले, त्याच्या नेमके उलट साडेसातशे वर्षांपूर्वी एका इमामाने लिहून ठेवले होते. दोन जिवांना एकत्र ठेवणे हाच जेथे एकावर जुलूम होतो, तेथे त्यांना वेगळे करणे ही अमानतीतील खयानत नव्हे; तो तिचा हक्क आहे.

भीती हीसुद्धा इजाच

येथे कोणी म्हणेल की, पंजा लागेपर्यंत इजा झाली कोठे होती? पिंजरा उंच होता, दार बंद होते. माझाही हाच समज होता. परंतु हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी सांगितलेला, अबू दाऊद यांच्याच संग्रहातील एक प्रसंग हा समज टिकू देत नाही. एका प्रवासात काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पक्षीण येऊन पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) परतले, तेव्हा त्यांनी विचारले की, हिच्या पिल्लांवरून हिला कोणी दुःख दिले? आणि पिल्ले परत करण्यास सांगितले. लक्षात घ्या, त्या पक्षिणीच्या अंगाला कोणाचाही हात लागला नव्हता. तिचे एक पीसही गळले नव्हते. तिची घालमेल हीच तक्रार मानली गेली आणि तिची दाद घेतली गेली.

ज्याच्यावर शिकार होते अशा जातीत अल्लाहने भीती ही संरक्षणासाठी ठेवली आहे. रानात ती क्षणभराची असते. सावली दिसली, पक्षी उडाला, भीती संपली. पिंजऱ्यात उडून जाण्याची वाट आपण बंद केलेली असते, म्हणून ती भीती संपतच नाही. सशाचेही असेच आहे. घाबरलेला ससा खाणे सोडतो, आणि एखादा दिवस पोटात चारा गेला नाही तरी त्याचे आतडे मंदावून जीव धोक्यात येतो. हे जीव ओरडून सांगत नाहीत. आजार आणि भय लपवणे हाच त्यांचा स्वभाव असतो. म्हणून गप्प बसलेल्या पक्ष्याला आपण ‘शांत झाला, रुळला’ असे समजतो.

आणि मांजर? तिच्यावर कसलाच दोष नाही. तिला तिच्या निर्मात्याने तसे घडवले आहे. शरीयतची जबाबदारी तिच्यावर नाही, आपल्यावर आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी आपल्या सुनेदेखत वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीला पिता यावे म्हणून कलते केले आणि सांगितले की, प्रेषितांनी (स.) मांजरीला नापाक म्हटलेले नाही, ती आपल्या भोवती सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. आणि जिने मांजर कोंडून ठेवली, तिला खायलाही दिले नाही व जमिनीवरचे जीवजंतू खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही, त्या स्त्रीला मिळालेल्या शिक्षेची हदीस तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या हदीसमधील अपराध नीट पाहिला तर तो एका वाक्यात सांगता येतो: तिने त्या जिवाच्या सगळ्या वाटा बंद केल्या आणि स्वतःही त्याची वाट झाली नाही. जो जीव पूर्णपणे आपल्या हाती असतो, त्याच्याविषयीचा जाब सर्वांत कडक असतो.

मग घराबाहेर कोणी जायचे?

मादी गेल्यानंतर चाळीतील एका शेजाऱ्याने रागाने सुचवले की, मांजरीलाच पोत्यात घालून लांबच्या मासळी बाजारात सोडून यावे. असे करणारे लोक मुंबईत कमी नाहीत. परंतु सात वर्षे एका उंबऱ्याची सवय झालेल्या जनावराला अनोळखी गल्लीत टाकणे म्हणजे तिला कुत्र्यांच्या, गाड्यांच्या आणि तेथील इतर मांजरांच्या तोंडी देणे होय. हा रागाचा निवाडा झाला, न्यायाचा नव्हे.

निवाडा करायचा तर प्रश्न असा हवा: कोणाची गरज दुसरीकडे अधिक चांगली भागेल, आणि कोणाची येथेच भागेल? कोण आधी आला, कोण जास्त लाडका, कोणावर पैसे खर्च झाले, हे प्रश्न दुय्यम आहेत. आमच्या बाबतीत उत्तर स्पष्ट होते. मांजर या चाळीशी बांधलेली होती. बजरीगर हा थव्याने राहणारा पक्षी. जोडीदार गेल्यावर त्याला आमच्यापेक्षा त्याच्या जातीच्या सोबतीची गरज होती.

सगळ्यांच्या घरी उत्तर हेच येईल असे नाही. ज्यांच्याकडे दोन-तीन खोल्या आहेत, दार लावून घेता येते, त्यांनी आधी तो मार्ग अवलंबावा: लहान जिवाची खोली वेगळी, जाळी बारीक, पिंजरा भिंतीला पक्का, आणि मांजरीला तेथे प्रवेश नाही. काही दिवस पाहावे. तो जीव खातो का, बोलतो का, झोपतो का, हे पाहावे. देऊन टाकणे हा पहिला उपाय नव्हे. परंतु एका खोलीच्या संसारात जेथे दार लावायला दुसरी खोलीच नाही, तेथे ‘आणखी थोडे दिवस बघू’ हे शब्द बहुतेक वेळा आपल्या मनाच्या समाधानासाठी असतात.

कोणी असेही सुचवील की, पिंजरा उघडून पक्षी उडवून द्यावा, सवाब मिळेल. हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण परिणामाने क्रूर आहे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे मिळणारा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला असतो. दाणा शोधणे त्याला येत नाही. परळच्या आकाशातील कावळे आणि घारी त्याला एक दिवसही जगू देणार नाहीत. सूरह अल्‌-माइदाच्या १०३व्या आयतीत ‘सायबा’ म्हणून जनावरे मोकळी सोडण्याच्या जाहिलियतच्या प्रथेला अल्लाहने आधार नसल्याचे सांगितले आहे, आणि मालकीचा पक्षी असा सोडून देण्याच्या प्रश्नात शाफई फुकहांना त्याच प्रथेशी साम्य दिसले. देशाचा कायदाही येथे दीनच्या बाजूने उभा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमानुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. आपल्या रानातील पोपटांची गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात ठेवायलाच मनाई आहे. तो पक्षी कोणाकडे असेल तर तो दुसऱ्या घरी नव्हे, वनखात्याकडे सोपवायचा असतो.

प्रेमाची कसोटी

आता सर्वांत अवघड भाग. नातीला कसे सांगायचे? ज्याच्यावर जीव जडला आहे, तो द्यायचा कसा?

बुखारी आणि मुस्लिम यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) दोन स्त्रियांची हकीकत सांगितली आहे. लांडग्याने एकीचे मूल नेले. उरलेल्या मुलावर दोघींनी हक्क सांगितला. हजरत दाऊद (अ.) यांनी थोरलीच्या बाजूने निकाल दिला. मग त्या हजरत सुलैमान (अ.) यांच्याकडे गेल्या. त्यांनी सुरी मागवली. मुलाचे दोन भाग करू म्हणाले. तेव्हा धाकटी कळवळून म्हणाली की, असे करू नका, मूल तिचेच आहे. सुलैमान (अ.) यांनी मूल धाकटीला दिले. जी सोडायला तयार झाली, तीच खरी आई ठरली. हक्क सोडताना तिचे प्रेम कमी झाले नव्हते. मूल जगावे यापुढे ‘माझे’ हा शब्द तिला लहान वाटला.

ही हकीकत मी नातीला सांगितली. आणि तिची माफीही मागितली, कारण अमानतीचा चुकीचा अर्थ मी तिला शिकवला होता. मुलांची माफी मागितल्याने वडीलधाऱ्यांचा मान जातो असे आपल्याकडे समजतात. मला तसा अनुभव आला नाही.

तिच्या रडण्यालाही मी आडकाठी केली नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैर यांचा प्रसंग आपणास ठाऊक असेल. त्या लहान मुलाचा खेळण्यातला पक्षी मेला होता आणि तो उदास बसला होता. प्रेषित (स.) त्या घरी आले, तेव्हा त्यांनी मुलाला मोठ्या माणसासारखे नावाने संबोधून, मायेने आणि यमक साधत, त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली. एका राष्ट्राची धुरा वाहणाऱ्या प्रेषितांनी एका मुलाच्या एवढ्याशा दुःखापाशी थांबण्यास वेळ काढला. हदीसवाले असल्या निरुपयोगी गोष्टी सांगत बसतात, अशी थट्टा काही लोकांनी केली, तेव्हा इब्नुल कास (रह.) या शाफई विद्वानांनी या एका हदीसमधून साठ मुद्दे काढून दाखवले होते. त्यांत मला एकच जोडावासा वाटतो: ‘पक्षीच तर होता’ असे मुलाला म्हणू नये.

पक्षी कोणाला द्यायचा, हे आम्ही घाईने ठरवले नाही. गिरगावातील एका चाळीत राहणारे एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांच्या गॅलरीत माणूस उभा राहील एवढा मोठा पिंजरा आहे आणि त्यात दहा-बारा बजरीगर. आम्ही आधी जाऊन पाहिले. त्या मजल्यावर मांजर येते का, उन्हापावसापासून आडोसा आहे का, ते गावी गेल्यावर दाणापाणी कोण पाहते, हे विचारले. त्यांनीही आम्हाला विचारले आणि आम्ही काही लपवले नाही: जोडीदार मांजरीच्या पंजाने मेला, हा पक्षी घाबरट झाला आहे, नीट खात नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल प्रेषितांनी (स.) बाहेर काढला होता व फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले होते, तो नियम धान्यापुरता नाही. आजारी किंवा चावरा प्राणी ‘अगदी गरीब आहे हो’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा त्याच जातीचा अपराध आहे. पैसे आम्ही घेतले नाहीत. पिंजरा, समुद्रफेसाचा तुकडा, उरलेला राळा, सगळे सोबत दिले. त्यांना घेणे जमले नाही तर पक्षी परत आणून द्या, आम्ही दुसरे घर शोधू, असेही सांगितले. मात्र नातीला हेही समजावले की, दिलेली भेट आपल्या लहरीने परत मागण्याला हदीसमध्ये फार कठोर उपमा आहे. आपण त्याला बघायला जाऊ, मागायला नाही.

दीड महिन्याने एका रविवारी आम्ही गिरगावला गेलो. हिरवा नर कोणता, हे आम्हाला चटकन ओळखता आले नाही. नातीने बोट दाखवले, तेव्हा तो दोन पक्ष्यांच्या मध्ये बसून एकीच्या मानेची पिसे चोचीने साफ करीत होता. शेपटी पुन्हा भरली होती. नातीने पूर्वी घरी घालत असे तशी शीळ घातली. त्याने मान वळवली नाही. तिचे डोळे भरून आले. परतताना बसमध्ये ती म्हणाली, “नाना, तो मला विसरला.” थोड्या वेळाने तीच म्हणाली, “पण तो बोलत होता.”

वाचकहो, माझ्या चुकीची सुरुवात त्या रात्री मांजरीच्या झेपेने झाली नव्हती, मुलीला दिलेल्या उपदेशानेही नव्हती. ती क्रॉफर्ड मार्केटच्या त्या दुकानासमोर झाली होती. जो जीव सांभाळण्यासारखे आपले घर नाही, तो घरी आणणे हीच पहिली खयानत. पुढच्या साऱ्या तिच्या मागून येतात. म्हणून येत्या ईदला आपल्या मुलाने पिंजऱ्याकडे बोट दाखवले तर किमतीआधी घर आठवा. घरात मांजर आहे का, वेगळे दार आहे का, आपण गावी गेल्यावर कोण पाहील, हा जीव किती वर्षे जगतो, हे विचारा. उत्तर नसेल तर मुलाला तेथेच प्रेमाने समजावा. त्याचे दुकानासमोरचे रडणे माझ्या नातीने त्या मगरिबच्या वेळी रडलेल्या रडण्याहून हलके असेल. आणि जीव आधीच घरात आला असेल व त्याचे दिवस भीतीत जात असतील, तर ‘लोक काय म्हणतील, आपण टाकून दिला’ या विचाराने थांबू नका. चांगले घर शोधा, खरे सांगा आणि द्या. सूरह अल्‌-अन्‌आमच्या ३८व्या आयतीत जमिनीवर चालणारे प्राणी आणि दोन पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे, आणि शेवटी सारे आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील असे सांगितले आहे. तेथे ती निळी मादीही असेल. तिच्याविषयी मला विचारले जाईल, तेव्हा मी काय सांगणार, याची भीती मला आजही वाटते.

राखाडी मांजर अजून आमच्याकडेच आहे. कपाटावर तिची जागा आहे. आकडा मात्र मी काढून टाकला.

अल्लाह आपल्या हातून अजाणतेपणी मुक्या जिवांवर झालेले अन्याय माफ करो, जे आपल्या हाती सोपवले आहे ते सांभाळण्याची आणि जे आपल्याला सांभाळता येत नाही ते योग्य हाती पोहोचवण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.